पदवीविना प्राणिशास्त्रज्ञ : डॉ. सालिम अली यांची वाटचाल

जीवशास्त्र म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची पायरी, हा समज आपल्या महाविद्यालयांत खोलवर रुजलेला आहे. ज्यांना तो प्रवेश मिळत नाही ते विद्यार्थी बी.एस्सी.कडे पराभूत मनाने येतात. या पार्श्वभूमीवर डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) यांच्या जीवनक्रमाचा अभ्यास उद्बोधक ठरतो.

मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेले सालिम बालपणीच पोरके झाले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात गणिताने त्यांना जेरीस आणले. शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात गेले. १९१७ मध्ये परतल्यावर वाणिज्याच्या शिक्षणाबरोबरच, फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे, त्यांनी झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तथापि विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याकडे नव्हती. याच कारणाने भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांच्या हातून गेली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते मार्गदर्शक व्याख्याते झाले. पुढे रजा घेऊन त्यांनी बर्लिनमध्ये प्रा. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतले. १९३० मध्ये परतले तेव्हा निधीअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते. बेकारीच्या त्या दिवसांत ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले आणि सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण करू लागले. मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असले तरी खोपा विणणारा नर असतो. तो खोपा अर्धा बांधतो, मादीने पसंत केल्यावर पुरा करतो आणि मग दुसरा बांधायला घेतो, हे त्यांनी नोंदविले.

त्यानंतर त्यांनी संस्थानांच्या पक्षी-सर्वेक्षणाचा मार्ग धरला. मेहनताना न घेता, केवळ खर्चाच्या तरतुदीवर काम करण्याची त्यांची तयारी होती. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, बडोदा अशा संस्थानांच्या प्रदेशांत त्यांनी पायपीट केली. आपल्यापैकी अनेकांची महाविद्यालये आज याच प्रदेशांत उभी आहेत, ही बाब लक्षणीय आहे. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक प्रसिद्ध झाले. डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मात्र या चरित्राचा ‘पदवी निरर्थक असते’ असा अर्थ काढणे चुकीचे होईल. पदवी नसल्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती, आणि घरची साथ नसती तर विनावेतन सर्वेक्षण शक्य झाले नसते. सामान्य घरातील विद्यार्थ्याला तशी मुभा नसते. म्हणूनच त्यांच्या कार्याचा एक पैलू शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो : मुंबई विद्यापीठाच्या मान्यतेने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पदव्युत्तर संशोधन सुरू झाले आणि ते मार्गदर्शक झाले. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर यांनी सुगरण पक्ष्यांवरच संशोधन केले. जी पदवी स्वतःला लाभली नव्हती, तिचा मार्ग त्यांनी इतरांसाठी खुला केला.

संग्रहालय, सर्वेक्षण, लेखन, अध्यापन, वन्यजीव-संरक्षण : जीवशास्त्राच्या या साऱ्या वाटा एका आयुष्यात दिसतात. प्रवेशाच्या वेळी हिरमुसलेल्या विद्यार्थ्यासमोर त्या मांडणे, हे शिक्षकाचेच काम आहे.