मुका पियानो

वाद्याची उन्नति सांगावयाची म्हणजे त्याचा आवाज कसकसा भरदार होत गेला तें सांगावयाचें, अशी रूढीच पडली आहे. परंतु आम्हांस पियानोच्या इतिहासांतील सर्वांत विचारणीय प्रकरण वाटतें तें त्याचा आवाज बंद करण्याचें. तें घडलें जपानांत.

या वाद्याचें नांवच मुळीं ‘हळू’ व ‘मोठा’ या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांवरून पडलेलें. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें तारा छेडण्याऐवजीं त्यांवर लहानशी हातोडी मारण्याची युक्ति योजली, आणि बोटाच्या जोराप्रमाणें स्वर हलका वा जड निघूं लागला. पुढें युरोपांतील सभागृहें मोठीं झालीं. शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोंचावा म्हणून ओतीव लोखंडाची चौकट व जाड तारा आल्या, आणि तारांचा एकूण ताण १८ ते २० टनांवर गेला. राजदरबाराच्या दालनांत जन्मलेलें वाद्य असें गर्जूं लागलें, आणि मग तें मध्यमवर्गाच्या बिऱ्हाडांत शिरलें!

जपानांत १८८७ सालीं हामामात्सु येथील शाळेचा बिघडलेला ऑर्गन तोराकुसु यामाहा यानें दुरुस्त केला. आमच्या संगीत रंगभूमीवर वाजे त्याच जातीचें हें वाद्य. १९०० सालीं त्याच्या कारखान्यांतून पियानो बाहेर पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीनें १९५४ पासून मुलांसाठीं संगीतवर्ग काढले, आणि घरीं पियानो असणें व मुलीनें तो शिकणें हें सुस्थितीचें लक्षण होऊन बसलें. त्याच काळांत शहरांभोंवतीं ‘दान्ची’ या नांवाच्या बहुमजली वसाहती उभ्या राहिल्या. एकाच्या घराची जमीन तें दुसऱ्याच्या घराचें छत. पियानो हवा आणि असें घरही हवें, या दोन आकांक्षा एका भिंतीच्या दोन बाजूंस येऊन ठेपल्या.

२८ ऑगस्ट १९७४ रोजीं हिरात्सुका येथील अशा एका वसाहतींत एका इसमानें खालच्या मजल्यावरील आई व तिच्या दोन लहान मुली यांचा खून केला. खालून येणारा पियानोचा आवाज असह्य झाला, हें त्यानें दिलेलें कारण. असल्या कृत्याचें समर्थन कोण करील? तरीही खुन्याचा धिक्कार करतांना त्याच्या त्रासाविषयीं सहानुभूति बोलून दाखविणारे लोक जपानांत निघालेच. या घटनेंतूनच मुका पियानो जन्मला असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु ज्या कोंडींतून तो जन्मला ती हीच.

उपाय पूर्वींही होते. हातोड्या व तारा यांमध्यें लोकरीची पट्टी सोडीत. पण आवाज घुसमटे, थांबत नसे. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिल यानें बिनतारांची सरावपेटी काढली होती. तींत शेजारी सुटला, पण वाजविणाराही सुरांस मुकला. १९९३ सालीं यामाहानें जो पियानो विक्रीस आणला त्यानें दोघांचीही सोय पाहिली. पियानोची हातोडी तारेवर आदळण्यापूर्वीं किंचित आधीं पट्टीच्या तावडींतून निसटते व उरलेलें अंतर स्वतःच्या वेगानें काटते. नेमक्या त्या अंतरांत एक गादी लावलेला आडवा दांडा हातोडीची दांडी अडवितो. बोटास पट्टीचा भार बहुतांशीं पूर्वीसारखाच लागतो. तार मात्र अस्पर्श राहते. पट्टीची चाल प्रकाशकिरणांनीं मोजली जाते, आणि तिला साजेसा स्वर विजेच्या साहाय्यानें हेडफोनमध्यें उमटतो. दांडा सरकविला कीं पुन्हा तोच गर्जणारा पियानो.

युक्ति अप्रतिम आहे, यांत वाद नाहीं. शेजारधर्माचा एक जटिल प्रश्न शेजाऱ्याशीं अवाक्षर न बोलतां सुटला, ही गोष्ट मात्र आम्हांस जराशी खटकते. शिवाय कानांतला स्वर कितीही हुबेहूब असला, तरी तारांच्या कंपानें थरथरणारें लांकूड तेथें नसतें. आणि ओसरींत बसून मुलीचा चुकलेला स्वर ऐकणारी, ‘पुन्हा वाजव’ म्हणणारी आजीही या रियाजांतून वगळली जाते. तिला दिसतात तीं केवळ हलणारीं बोटें, आणि ऐकूं येतो तो पट्ट्यांचा खटखटाट. खालच्या मजल्यावर तोही पोंचूं नये म्हणून कित्येक घरांत या मुक्या पियानोखालींसुद्धां जाड गालिचा अंथरतात.