लॅपटॉप हळू चालतो, तेव्हा तो काहीतरी सांगत असतो

आजचा भाग कॉम्प्युटरच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी पुण्यात, धाकटी बहीण अकोल्याला घरी. तिच्याकडे माझा कॉलेजचा जुना लॅपटॉप. दोन महिने ती फोनवर सांगत होती, "दादा, हा फार हळू चालतो रे." मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझं उत्तर ठरलेलं: "टॅब बंद कर, रीस्टार्ट मार." एकदा घरी गेलो तेव्हा विंडोज नव्याने टाकून दिलं आणि मोठं काम केल्यासारखा परत आलो.

मग एका दुपारी तिची नोकरीसाठी ऑनलाइन टेस्ट होती. कॅमेरा चालू, बाहेर ४४ अंश, लॅपटॉप गादीवर. विसाव्या मिनिटाला तो फट्कन बंद. ना निळी स्क्रीन, ना काही मेसेज. परत चालू केला, पाच मिनिटांत परत बंद. टेस्ट गेली. ती चिडली नाही, एवढंच म्हणाली, "तुला सांगत होते ना."

ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून मी शोधायला लागलो की मशीन असं अचानक बंद का पडतं. आणि कळलं की हळू होणं आणि बंद पडणं या दोन्ही गोष्टी कुणीतरी मुद्दाम, विचार करून मशीनमध्ये घातलेल्या आहेत.

थोडं मागे जाऊ. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये एनियॅक नावाचा कॉम्प्युटर जगासमोर आला. एका मोठ्या हॉलभर पसरलेला, आत सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. वीज लागायची साधारण १५० किलोवॅट, आणि तिची शेवटी उष्णताच व्हायची. गंमत म्हणजे ट्यूब जास्त करून उडायच्या त्या मशीन चालू किंवा बंद करताना, एकदम तापल्या-निवल्यामुळे. म्हणून इंजिनिअर लोक ते शक्यतो बंदच करायचे नाहीत. आपल्या लॅपटॉपच्या अगदी उलट!

पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या. १९७४ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. ट्रान्झिस्टर लहान करत गेलात आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी करत गेलात, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील, ते जास्त वेगाने चालतील, आणि तरी चिप जास्त तापणार नाही. म्हणजे फुकटात वेग! पुढची तीसेक वर्षं इंडस्ट्री या हिशोबावर पळाली.

पण प्रत्यक्षात कंपन्यांनी व्होल्टेज त्या प्रमाणात उतरवलं नाही, आणि घड्याळाचा वेग, म्हणजे क्लॉक स्पीड, त्याहून जोरात वाढवला. त्यामुळे उष्णता वाढतच गेली. १९९३ मध्ये पेंटियम आला तेव्हा घरच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा दिसायला लागला. पंखा आला की प्रश्नही आला: पंखा बंद पडला तर काय?

याचं उत्तर २००१ साली लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. टॉम्स हार्डवेअर नावाच्या वेबसाइटने एक प्रयोग केला. कॉम्प्युटरवर गेम चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक सरळ उचलून बाजूला काढला. हीटसिंक म्हणजे उष्णता ओढून घेणारा, कंगव्यासारखे दाते असलेला धातूचा तुकडा. त्या वेळच्या एएमडी ॲथलॉन चिप काही क्षणांत जळाल्या. एकीचं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, धूर निघाला, कायमची मेली. पेंटियम ३ जागच्या जागी थांबला, पण वाचला. आणि पेंटियम ४? त्यावर गेम चालूच राहिला. फक्त अगदी रखडत. हीटसिंक परत ठेवला, की वेगही परत.

हे कसं झालं? पेंटियम ४ च्या आतच तापमान ओळखणारा सेन्सर होता. मर्यादा ओलांडली की तो घड्याळाचे मधले काही ठोके गाळायचा. काम कमी, म्हणून उष्णता कमी. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढत राहिलं, तर चिप शेवटचा इशारा द्यायची आणि मदरबोर्ड वीजच तोडायचा. तिथे फाइल सेव्ह करायला किंवा मेसेज दाखवायला वेळच नसतो. बहिणीच्या स्क्रीनवर काही आलं नाही, ते याचमुळे.

म्हणजे क्रम बघा. आधी हळू, मग बंद. पहिली पायरी म्हणजे सूचना, दुसरी म्हणजे जीव वाचवणं. मी दोन महिने पहिल्या पायरीला "टॅब बंद कर" म्हणत बसलो.

पुढे इंटेललाही हेच मान्य करावं लागलं. २००४ मध्ये त्यांनी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. ती मालिका ३.८ वरच थांबली. नुसता वेग वाढवणं उष्णतेमुळे परवडेना, म्हणून एका चिपमध्ये दोन, चार, आठ कोअर बसवायची वाट धरली. तुमच्या फोनच्या जाहिरातीत "ऑक्टाकोअर" लिहिलेलं असतं, त्यामागे हीसुद्धा गोष्ट आहे.

आता फोनचं नाव निघालंच आहे, तर २०१७ ची गोष्ट सांगतो. काही आयफोन अचानक बंद पडत होते. कारण होतं जुनी बॅटरी. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला, की व्होल्टेज खाली येतं आणि फोन बंद. ॲपलने त्या वर्षीच्या एका अपडेटमध्ये अशा फोनचा वेग गरजेनुसार कमी करायची सोय टाकली. तांत्रिकदृष्ट्या हा पेंटियम ४ चाच विचार. पण लोकांना हे नीट सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये कंपनीने ते कबूल केलं, माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंडही झाला. तो फोन हळू केला म्हणून नव्हता, ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून होता. कितीतरी लोकांनी तोवर नवीन फोन घेतले असतील, जिथे फक्त नवी बॅटरी पुरली असती.

मला इथे माझंच वागणं दिसलं. तिकडे मशीन काय करतंय ते माणसाला सांगितलं नव्हतं. इकडे माणूस सांगत होतं आणि मी ऐकत नव्हतो.

बहिणीचा लॅपटॉप शेवटी अकोल्यातल्याच एका दुरुस्तीवाल्या काकांनी उघडला. पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीचा थर, अगदी गोधडीतल्या कापसासारखा. चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. साफसफाई, नवी पेस्ट, अर्ध्या तासाचं काम. मी टाकलेल्या नव्या विंडोजचा काडीचा उपयोग नव्हता.

तुमच्याकडे असं झालं तर साधं बघा. खालची बाजू चटका बसेल इतकी तापते, पंखा ओरडतो, आणि जड काम केलं की बंद पडतो? बहुतेक उष्णता. चार्जरवर नीट चालतो, पण काढला की तीस-चाळीस टक्क्यांवरच जातो? बहुतेक बॅटरी. तापत नाही, पण चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे? एसएसडी टाकून बघा. आणि काहीही असो, लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालची हवेची जाळी बंद होते. सगळ्यात आधी बॅकअप घ्या.

बहिणीला ती टेस्ट परत मिळाली नाही. दुसऱ्या कंपनीची दिली, तोच लॅपटॉप, यावेळी लाकडी पाटावर ठेवून. निकाल अजून यायचाय. पण आता ती "हळू चालतोय" म्हणाली की मी आधी विचारतो, "तापलाय का बघ."

घरी कुणी असं म्हणत असेल, तर तुम्हीही विचारा. भेटू पुढच्या भागात.