हिवाळा आणि हिम : मराठी गद्यातील एका उणिवेचा इतिहास

जबलपूरच्या सदर भागात, लष्करी छावणीच्या आश्रयाने वाढलेल्या त्या वस्तीत, पौषातील रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तेथील मराठी वाचकाला थंडी पुस्तकातून शिकावी लागत नाही. तथापि हिवाळ्यात वाचावयास हिवाळ्याचेच पुस्तक तो मातृभाषेत शोधू लागला, तर हाती थोडेच लागते. हिमाचे तर त्याहूनही थोडे. या उणिवेचे कारण केवळ भूगोलात नाही. ते भाषेच्या इतिहासातही आहे.

‘हिवाळा’ हा शब्द मूळच्या ‘हिमकाल’ या शब्दाचा वंशज होय. प्राकृतातून मराठीत येताना ‘हिमा’चे ‘हीव’ झाले आणि अर्थही पर्वतावरून उतरून शरीरात शिरला. हीव म्हणजे अंगात भरणारी थंडी; हिवताप म्हणजे थंडी वाजून येणारा ताप. बाहेर पडणारे हिम मागे राहिले, आत उठणारी हुडहुडी तेवढी शिल्लक राहिली. पुढे गोठलेले पाणी आणि आकाशातून भुरभुरणारे हिम या दोहोंसाठी फारसीतून आलेला ‘बर्फ’ हा एकच शब्द व्यवहारात रूढ झाला. मराठी साहित्यातील थंडी शेकोटीची, घोंगडीची व दवाची आहे, ती यामुळेच.

हिमाचे दर्शन मराठी माणसास घडले ते बहुधा यात्रेत. साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर हिमालयात पायी हिंडले. परंतु त्या प्रवासाचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले. मराठी डोळ्यांनी पाहिलेले हिम दुसऱ्या भाषेत उतरावे, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

दुसरी वाट अनुवादाची. या वाटेवर दुर्गा भागवत यांचे कार्य विशेष लक्षणीय ठरते. ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकात त्यांनी भारतीय महिन्यांच्या क्रमाने झाडे, पाखरे, ऊन आणि धुके यांचे प्रत्यक्ष निरीक्षण मांडले. त्याच लेखणीने थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले. थोरोच्या त्या ग्रंथात हिवाळा ही पार्श्वभूमी नाही, तो अभ्यासाचा विषय आहे. गोठलेल्या तळ्यावरून दोरी सोडून थोरोने त्याची खोली मोजली. ती १०२ फूट भरली. बर्फातले बुडबुडे, भेगा, रात्रीचा गडगडाट हे सारे तो नोंदवितो. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजूर तळ्यातील बर्फ कापताना पाहून, ते पाणी गंगेच्या पाण्यात मिसळेल असे तो कल्पितो. ही कल्पना निराधार नव्हती : अमेरिकन बर्फाची पहिली खेप १८३३ सालीच कलकत्त्यास पोहोचली होती, आणि मुंबईच्या बंदरातही तो बर्फ उतरत असे. वस्तू आली, तिचा अनुभव शब्दांतून यावयास शतकाहून अधिक काळ लागला.

असा ग्रंथ मराठीत आणताना ‘आइस’ आणि ‘स्नो’ यांना एकच ‘बर्फ’ पुरत नाही. हिम, तुषार, दहिवर, गारठा असे शब्द पारखून घ्यावे लागतात. हे काम कोशाने भागत नाही. ज्याने आपल्या अंगणातील धुक्याचे आणि दवाचे भेद पाहिले आहेत, त्यालाच परक्या तळ्यावरील बर्फाचे भेद दिसतात. अनुवाद उणीव भरून काढतो हे खरे; पण त्यासाठी लागणारे शब्दधन स्वभाषेतील ऋतुलेखनानेच साठवावे लागते. मराठीला हिमाची पुस्तके हवी असतील, तर प्रथम तिने आपल्या हिवाळ्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.