स्वप्नातला गुरू आणि अभंगातला ‘मी’

मराठी संतवाङ्मयातील गुरुमहिम्याचा विचार बहुधा दोन टोकांवरून होत आला आहे. सांप्रदायिक अभ्यासकांना त्यात शरणागतीची परमावधी दिसते, तर आधुनिक चिकित्सकांना आज्ञापालनाची सवय लावणारी एक व्यवस्था दिसते. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांचे एक गृहीतक मात्र समान आहे. गुरू हा देणारा आणि शिष्य हा घेणारा, हे दोघांनाही मान्य असते. संतांच्या आत्मपर अभंगांकडे ऐतिहासिक साक्ष म्हणून पाहू लागले की हे गृहीतक डळमळीत होते. या अभंगांतील गुरुशिष्यसंबंधाची जवळजवळ सारी साक्ष शिष्याची आहे. गुरू कोण, तो केव्हा भेटला, त्याने काय दिले, हे शिष्य मागे वळून सांगतो. आणि हे सांगता सांगताच त्याला स्वतःविषयी बोलण्याची वाट सापडते. मराठीतील आत्मकथनाचा उगम आणि गुरूची निवड या दोन घटना एकमेकींत गुंतलेल्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभ नामदेवांपासून (१२७०–१३५०) करणे सोयीचे आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा सर्वपरिचित आहे. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे जातात आणि शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेल्या या विचित्र माणसाकडून त्यांना देवाच्या सर्वव्यापित्वाचा बोध होतो. नामदेव गाथेत एकाहून अधिक ‘नाम्यां’ची रचना मिसळली असल्यामुळे या प्रसंगाकडे शब्दशः इतिहास म्हणून पाहता येत नाही. तरीही परंपरेने ही कथा जपली, याला अर्थ आहे. विठ्ठलाशी थेट सलगी असलेल्या भक्तालाही तिने कच्चा ठरवले. जवळीक म्हणजे ओळख नव्हे, आणि स्वतःचे कच्चेपण स्वतःला दिसत नाही. ते पाहायला दुसऱ्या कोणाची तरी नजर लागते, हा या कथेचा आशय आहे. येथे गुरू समोर आहे, देहधारी आहे. पुढच्या तीन शतकांत हे चित्र पालटते.

तुकाराम (१६०८–१६५०) आपल्या गुरूचा वृत्तान्त सांगतात तो स्वप्नाचा आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, असा तिथिवारही ते देतात. वर्ष मात्र सांगत नाहीत, आणि त्यावरून अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपरा सांगून बाबाजी नाव सांगणारा गुरू मंत्र देतो, भोजनासाठी पावशेर तूप मागतो, स्वप्नात त्याचा विसर पडतो, आणि गुरू घाईने निघून जातो. आपल्याकडून काही अंतराय झाला असावा, अशी रुखरुख तुकारामांना लागते. गुरुकृपेच्या या वृत्तान्तात इतकी घरगुती उणीव राहू द्यावी, हे विलक्षण आहे. दुसऱ्या एका स्वप्नात नामदेव पांडुरंगासह येऊन त्यांना कवित्वाचे काम नेमून देतात. नामदेवांना जाऊन तेव्हा अडीचशेहून अधिक वर्षे लोटली होती. म्हणजे एका स्वप्नाने मंत्र दिला आणि दुसऱ्याने वाणी दिली. दोन्ही गुरू जागेपणी भेटलेले नाहीत. ज्या वाण्याचे दुकान दुष्काळात बुडाले, ज्याची एक बायको अन्नावाचून गेली, ज्याला जातीमुळे धर्मावर बोलण्याचा अधिकार नाकारला गेला, त्याला ‘मी लिहितो’ असे म्हणण्यासाठी एखादी अधिमान्यता हवी होती. ती जिवंत समाजात कोणी देणार नव्हते. तुकारामांनी ती परंपरेतून मिळवली. नामदेवांचे अभंग मनात मुरल्याशिवाय नामदेव स्वप्नात येणे संभवत नाही. या अर्थाने ते स्वप्न म्हणजे एका वाचनाचीच परिणती आहे.

गुरूचा असा अनुभव घेतलेले तुकाराम स्वतः मात्र गुरू होण्यास राजी नाहीत. उपदेश सर्वांसाठी मोकळा असावा, कोणाला शिष्य करून घेऊ नये, अशा आशयाची त्यांची रचना प्रसिद्ध आहे. शिष्यांचा गोतावळा जमवणाऱ्यांवर त्यांनी कठोर शब्दांत टीका केली आहे. आणि नेमक्या याच माणसाला, त्याला न विचारता, दूर कोल्हापुरात एका मुलीने गुरू केले.

बहिणाबाईचा (१६२८–१७००) जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. वयाने खूप मोठ्या, वैदिक बिजवराशी तिचा बालपणीच विवाह झाला. घर सोडून फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकारामांचे अभंग तिच्या कानी पडले. तिच्यामागे फिरणारे एक वासरू, त्यावरून गावात झालेली चर्चा, पतीची मारहाण, वासराचा मृत्यू, या साऱ्या क्षोभात तिला तुकारामांचे स्वप्न पडले. त्यांनी मस्तकी हात ठेवून मंत्र दिला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा, तोही स्वप्नात, हे पतीला असह्य झाले. गर्भवती पत्नीला टाकून जाण्याची त्याने तयारी केली. आजारपणाने तो अडला, आणि पुढे त्याचे मन पालटून दोघे देहूस आले. देहूत मंबाजी गोसाव्याने या दांपत्याला आपले शिष्यत्व देऊ केले. हा गुरू प्रत्यक्ष हजर होता, ब्राह्मण होता, समाजमान्य होता. ते नाकारल्यावर त्याचा जाच सुरू झाला. तरी स्वप्नातला गुरू तिने बदलला नाही. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते तिच्याच आत्मपर अभंगांमुळे, जे जस्टिन अ‍ॅबट यांच्या १९२९ च्या अनुवादाने मराठीबाहेरही पोहोचले.

येथे ‘गुरूने तिला काय दिले?’ हा प्रश्न अपुरा पडतो. गुरूची निवड हाच तिच्या आयुष्यातला पहिला असा निर्णय होता, जो पित्याने, पतीने वा जातीने घेतलेला नव्हता. स्त्रीदेहाची पराधीनता आणि वेदाधिकाराचा अभाव यांची खंत ती बोलून दाखवते; पण ती बोलते ती ‘तुकारामांची शिष्या’ या जागेवरून. ही जागा मिळाल्यावर तिची बुद्धी कोठवर गेली, हे ‘वज्रसूची’च्या आधारे ब्राह्मण कोणास म्हणावे याची चर्चा करणाऱ्या तिच्या अभंगांतून दिसते. शूद्राला गुरू केल्याचा आरोप जिने सोसला, तिने त्या आरोपाच्या मुळाशी असलेली जातीची कल्पनाच तपासायला घेतली. तसेच आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर आणि पुढे राघव चैतन्य, बाबाजी, तुकाराम अशी गुरुपरंपरा तिने मांडली. वारकरी पंथाला इमारतीचे सुप्रसिद्ध रूपक देणारा अभंगही तिच्याच नावावर आहे. स्वप्नात अनुग्रह मिळालेली शिष्या अशा रीतीने परंपरेची इतिहासकार झाली. पाया आणि कळस कोणता हे तिने सांगितले आणि आपण तेच प्रमाण मानत आलो.

या निष्कर्षाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. गुरूच्या निवडीने बहिणाबाईचा संसार मोडला नाही आणि पतीची सत्ताही संपली नाही. पातिव्रत्याचा गौरव करणारे अभंग तिच्या गाथेत आहेत. भक्ती आणि पतिसेवा यांचा मेळ घालण्याची धडपड ती अखेरपर्यंत करताना दिसते. तिच्या आत्मशोधाला मुक्ती हे आजचे नाव देणे सोपे आहे, पण ते तिच्या संहितेशी प्रामाणिक ठरणार नाही. तिला मिळाली ती स्वतःचा वृत्तान्त सांगण्याची पात्रता. तुकारामांनंतर सुमारे ५० वर्षे ती जगली, आणि अखेरच्या काळात मुलाला आपले पूर्वजन्म सांगताना तिने तीच पात्रता वापरली.

नामदेवांसमोर गुरू देहाने उभा होता, तुकारामांना तो स्वप्नात आणि पूर्वसूरींच्या कवितेत भेटला, बहिणाबाईने तो कीर्तनात ऐकलेल्या शब्दांतून उभा केला. गुरू जसजसा दूर गेला तसतसा शिष्याचा ‘मी’ अधिक तपशिलाने बोलू लागला. गुरूचे मोल मोजायचे तर त्याच्या शिकवणुकीची यादी फारशी उपयोगी पडत नाही. त्याच्या नावाच्या आधाराने शिष्याला कोणते वाक्य प्रथमच उच्चारता आले, हे पाहावे लागते. गुरुमहिम्याच्या पदांखाली दडलेली ही वाक्ये वेगळी काढून वाचणे हे मराठी आत्मचरित्राच्या इतिहासकारापुढचे काम आहे. तसे वाचन झाले तर या वाङ्मयप्रकाराचा आरंभ एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली झाला, ही समजूत आपल्याला पुन्हा तपासावी लागेल.