तालवाद्याची खासगी शिकवणी : हात कोणाकडे घडवावा?

तबला, पखवाज किंवा ढोलकी शिकावयाची असे एकदा ठरले, की सातारा-सांगलीकडील पालकांपुढे आणि प्रौढ हौशी विद्यार्थ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वाद्याचा नव्हे, शिक्षकाचा. जवळच्या संगीतवर्गात नाव घालावे, की मैफलीत, भजनात अथवा तमाशाच्या फडावर प्रत्यक्ष वाजविणाऱ्या वादकाकडे एकट्याने जावे? वर्गाचे शुल्क कमी, वेळ ठरलेली, परीक्षेची सोय हाताशी. वादकाकडे यांपैकी कशाचीच शाश्वती नसते. तरीही ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान पहिले वर्ष तरी वादकाकडे एकट्याने शिकावे, असे सुचवावेसे वाटते.

गाणाऱ्याचा सूर घसरला तर तो साऱ्या खोलीला ऐकू जातो. तालवाद्यावर मात्र हात चुकीचा पडूनही अक्षर बऱ्यापैकी उमटते आणि घरच्यांना ते गोडही वाटते. तबल्यावरील 'ना' तर्जनीने चाटेवर वाजतो. पण त्याच वेळी अनामिका शाईच्या कडेशी हलकेच टेकलेली असावी लागते. ती जोराने दाबली गेली तर नाद कोंडतो, उचलली गेली तर अक्षरच बदलते. 'तिरकिट' मनगट ताठ ठेवूनही संथ लयीत वाजवता येते. तोच हात चौगुनीत शिरला की अडतो, खांदा आखडतो, बोल एकमेकांत मिसळू लागतात. तोवर दोन-तीन वर्षे गेलेली असतात आणि चुकीची सवय बोटांत मुरलेली असते. ती मोडून नवी लावणे हे कोऱ्या हाताला शिकविण्यापेक्षा अवघड, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. कित्येक विद्यार्थी याच टप्प्यावर वाद्य सोडतात आणि आपल्याला 'लयच नाही' असा स्वतःबद्दल चुकीचा समज करून घेतात.

दहा-पंधरा मुलांच्या वर्गात प्रत्येकाची अनामिका पाहणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही. समोरासमोर दोन जोड मांडून बसलेल्या गुरूला ती दिसते. अक्षर हातातून कसे काढायचे याला वादकांच्या भाषेत 'निकास' म्हणतात. पुस्तकात बोल सापडतात, निकास सापडत नाही. मराठीत 'तबला' हा मोठा ग्रंथ लिहून बंदिशींचा साठा वाचकांपुढे ठेवणारे पं. अरविंद मुळगावकर स्वतः शिकले ते उस्ताद अमीर हुसेन खाँ यांच्यापुढे बसूनच.

सातारा जिल्ह्याला ही विद्या परकी नाही. पखवाजाच्या क्षेत्रात कुदऊसिंह आणि नाना पानसे अशी दोन घराणी प्रामुख्याने मानली जातात. त्यांपैकी नाना पानसे हे वाईजवळच्या बावधनचे. एकोणिसाव्या शतकात ते पुढे इंदूरला होळकरांच्या आश्रयास गेले आणि तेथेच त्यांची शिष्यशाखा वाढली. सखारामपंत आगले हे त्यांतील ठळक नाव. कुदऊसिंहांचा बाज जोरकस, तर पानशांचा मृदू आणि द्रुत बोलांना अनुकूल, असा फरक जाणकार सांगतात. हा फरक मुळात हाताच्या ठेवणीचा आहे आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकला तो एकाने दुसऱ्याचा हात पाहून दुरुस्त केल्यामुळे. वाईच्या घाटावर फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना बावधनचे हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

सांगली जिल्ह्यातील मिरजेचे महत्त्व याच्या अगदी उलट कारणासाठी आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुगृही शिकले. पण १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते सामूहिक शिक्षणाचा पाया घालण्यासाठी. १९३१ मध्ये मिरजेतच त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षा घेणाऱ्या या मंडळाचे कार्यालय मिरजेत आहे. गायनाबरोबर तबला आणि पखवाज यांच्याही परीक्षा होतात.

या व्यवस्थेने संगीत मध्यमवर्गीयांच्या घरात आणले हे विसरून चालणार नाही. परीक्षेमुळे अभ्यासाला क्रम लाभतो, ताललिपी लिहिता-वाचता येते, त्रिताल, झपताल, एकताल, रूपक यांचे ठेके पक्के होतात. अडचण आहे ती परीक्षेलाच शिक्षण समजण्यात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळण्याची सोय झाल्यापासून 'दोन वर्षांत कोणती परीक्षा होईल?' हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. सुरुवातीच्या परीक्षा पाठांतराच्या बळावर निभावून नेता येतात. निकास कच्चा राहिला तरी प्रमाणपत्र हाती पडते. तेव्हा वादकाकडे हात घडवावा आणि परीक्षेचा अर्ज सवडीने भरावा, हा क्रम सोयीचा. दोहोंत वैर मानण्याचे कारण नाही.

हाताखेरीज वादकाकडून मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे साथ. कायदा, पलटे, तिहाई हे एकट्याने घोटता येते; गाणाऱ्याने समेआधी किंचित रेंगाळल्यावर ठेका कसा सांभाळायचा, कोठे गप्प राहायचे, हे मैफलीत बसणाराच दाखवू शकतो. पं. सुरेश तळवलकर यांच्यासारख्या तबलावादकाने पं. गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या गायक-व्हायोलिनवादकाचे मार्गदर्शन घेतले ते याच अंगासाठी मोलाचे ठरले. गजाननबुवा औंध संस्थानच्या परंपरेतले. त्यांनी आणि त्यांचे वडील अंतूबुवा यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव साताऱ्याच्या विद्यार्थ्याला एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतो. मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यातील उरुसाची संगीतसभा आहे; उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर त्याच आवारात आहे. अशा ठिकाणी गाणाऱ्याकडे न पाहता रात्रभर फक्त तबल्याच्या डाव्या हाताकडे पाहावे. महिनाभराच्या शिकवणीइतके त्यातून मिळते.

ढोलकीची गोष्ट निराळी आणि अधिक निकडीची आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातील वाटेगावचे, काळू-बाळूंचा तमाशा मिरज तालुक्यातील कवलापूरचा. एवढी परंपरा उशाशी असूनही ढोलकीची विद्या परीक्षांच्या शिडीने वाढलेली नाही आणि कागदावर तर फारच थोडी उतरली आहे. गणाआधी ढोलकी-हलगीची जी सलामी झडते, तिचे बोल वादकांच्या हातात आहेत. तो वादक गेला की ते जातात. शहरात 'ढोलकीही शिकवितो' असे सांगणारे शिक्षक बहुधा तबलावादक असतात. त्यांची ढोलकी वाईट असते असे नाही, पण तो तबल्याचा हात असतो. फडावरचा वादक ढोलकी कमरेला बांधून उभ्याने वाजवितो, त्यामुळे मनगटाचा कोन, डाव्या तोंडावरचा घुमारा आणि थापेचा जोर सारेच बदलते. ज्याला ढोलकी हवी त्याने ढोलकीवाल्याकडेच जावे.

ही कला प्रामुख्याने मातंग, महार आणि कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी हलाखीत जगवली. तबल्याच्या 'पंडितजीं'ना मागतील ते शुल्क देणारा शहरी पालक ढोलकीच्या वस्तादाशी मात्र घासाघीस करतो, हे पाहण्यात येते. ते शोभणारे नाही. वस्तादाकडे जाताना एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी : तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन वैशाखातील यात्रांपर्यंत चालतो. या काळात वादक घरी सापडणे कठीण. पावसाळ्याचे चार महिने मात्र तो गावी असतो आणि बहुधा कमाईच्या विवंचनेतही. शिकवणी तेव्हाच लावावी. वारकरी पखवाजवादकांचे गणित याच्या उलट. आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणमार्गे जिल्ह्यातून जाते, तेव्हापासून चातुर्मासातील कीर्तन-सप्ताहांपर्यंत बुवांना उसंत नसते.

शिक्षक निवडताना पहिल्या भेटीत त्याचे वादन ऐकावेच, पण त्याचा एखादा दोन वर्षांचा विद्यार्थी वाजविताना पाहावा. उत्तम वादक उत्तम शिक्षक असतोच असे नाही. काही जण तासभर स्वतःच वाजवितात आणि शिष्य तोंडाकडे पाहत बसतो. पहिल्या महिन्यातच लांबलचक तुकडे देणाऱ्यापेक्षा 'धा धा तिट धा धा तिंना' या एका कायद्यावर आठवडेच्या आठवडे बसविणारा बरा. तो आधी बोल तोंडाने म्हणवून घेतो का, हाताने टाळी-खाली दाखवून घेतो का, हेही पाहावे. जे तोंडातून स्वच्छ निघत नाही ते हातातून निघत नाही.

शुल्क महिन्याचे की तासाचे, वादक दौऱ्यावर गेल्यास चुकलेल्या तासांचे काय, हे आरंभीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. कलावंताशी पैशाचे बोलणे अवघड वाटते खरे, पण न बोलल्याने होणारे गैरसमज त्याहून अवघड. गंडाबंधनाची घाई दोघांनीही करू नये. आठवड्याला एक-दोन तास पुरेत. मात्र रोज अर्धा-पाऊण तास रियाज झाला नाही तर खासगी शिकवणीचा पैसा वाया गेला असे समजावे.

वाद्य गुरूला विचारूनच घ्यावे. नवशिक्याला साधारण साडेपाच इंची तोंडाचा, काळी एकमध्ये लागणारा तबला सोयीचा पडतो. मिरजेची ख्याती तंतुवाद्यांची आहे. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तबल्याची पुडी बदलणे, शाई भरणे ही कामे करणारे कारागीर वेगळे, त्यांचा पत्ता आपला गुरूच देईल. पावसाळी हवेत पुडी सैल पडते, तेव्हा गठ्ठे ठोकून सूर चढविण्याआधी वाद्य थोडा वेळ कोरड्या खोलीत ठेवावे. पखवाज घेणाऱ्याने डाव्या तोंडाला कणीक लावण्याची आणि वादन संपताच ती खरवडून काढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. वाळलेली कणीक कातडे खराब करते.

२०२० च्या टाळेबंदीपासून व्हिडिओ कॉलवरील शिकवणी रूढ झाली आहे. पुण्या-मुंबईचा मोठा वादक त्यामुळे कराड-इस्लामपूरच्या विद्यार्थ्यालाही लाभतो, हा फायदा खराच. परंतु आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे गुरूला लेहरा धरून शिष्यासोबत वाजविता येत नाही, आणि पडद्यावर बोट कोठे पडले ते दिसले तरी किती दाबाने पडले ते कळत नाही. हा मार्ग पत्करणाऱ्यांनी कॅमेरा चेहऱ्यासमोर न ठेवता हातांच्या वर, किंचित उजवीकडे लावावा आणि महिन्यातून एकदा तरी प्रवास करून गुरूसमोर जोड मांडावा.