हवेतली उघडी पत्रे

श्रोतेहो, माझा आवाज आपल्या घरात येतो, तसा शेजारीही जातोच. रेडिओलहरींचा धर्मच तो. वायफाय हाही रेडिओच. हे मात्र आपण विसरतो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेल्या ‘किड्या’नं अमेरिकेतले हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर फायरवॉलचं महत्त्व वाढलं. फायरवॉल म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. अनोळखी माणसाला तो आत सोडत नाही. पण आपण धाडलेलं पत्र वाटेत कुणी वाचलं, तर तो बिचारा काय करणार?

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी सॅन दिएगोच्या परिषदेत ‘फायरशीप’ हे छोटंसं साधन लोकांपुढं ठेवलं. कॉफीच्या दुकानातल्या बिनकुलपी वायफायवर शेजाऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरायला आता एक टिचकी पुरे! पासवर्ड चोरायलाच नको. आत शिरल्यावर संकेतस्थळ जी ओळखचिठ्ठी देतं, तीच हवेतून उचलायची. जाणत्यांना हा दोष पूर्वीपासून ठाऊक होता. पण बोभाटा झाल्याखेरीज कोण हलतं? जानेवारी २०११ मध्ये फेसबुकनं सगळा मजकूर सांकेतिक रूपात धाडण्याची सोय दिली, तीही ऐच्छिक. सर्वांना ती आपोआप मिळायला २०१३ साल उजाडलं.

आज बहुतेक संकेतस्थळं पत्र लिफाफ्यात घालूनच पाठवतात. तरी ब्राउझरनं ‘जोडणी सुरक्षित नाही’ असं बजावलं, तर फलाटावर बसून बँकेचं खातं उघडू नये. घरी जाऊन उघडावं.