एका चौकातील दोन स्मारके आणि आपल्या उशाची सीमा

१/ मुंबईच्या फोर्ट भागात एकाच चौकात दोन स्मारके उभी आहेत. एक रोमन पुष्पदेवता फ्लोरा हिचे कारंजे, तर दुसरे मशाल उंचावलेल्या शेतकरी व कामगाराचे शिल्प. पहिले वसाहतीच्या वैभवाचे, दुसरे भाषिक राज्यासाठी पडलेल्या माणसांचे. या दोहोंचा हातकणंगले तालुक्याच्या दक्षिण हद्दीशी असलेला संबंध उलगडणारा हा धागा.

२/ प्रथम कारंजे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. तटाचा ‘चर्चगेट’ दरवाजा होता त्या परिसरात १८६४ मध्ये हे कारंजे उभे राहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता आणि त्या व्यापाराचा पैसा मुंबईत खेळत होता.

३/ या शहराभोवतीचा मुंबई इलाखा जिंकत गेले तसतसा जोडला गेला. १९३६ पर्यंत तो सिंधपासून कारवारपर्यंत पसरला होता. सिंधी, गुजराती, मराठी, कानडी लोक एका अंमलाखाली आले. त्यांची भाषा कोणी विचारात घेतली नाही.

४/ हातकणंगले कोल्हापूर संस्थानात, तर दक्षिणेची निपाणी व चिकोडी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. बाजार आणि सोयरीक एक, अंमल मात्र दोन. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढील साडेसात वर्षे ही गावे एका राज्यात नांदली.

५/ भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनातच स्वीकारले होते. तथापि १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी भाषकांना गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचविला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार होऊन १५ जण मृत्युमुखी पडले.

६/ १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी केली. मुंबई पेटली. दुसऱ्याच दिवशी बेळगावातही गोळीबार झाला. १७ जानेवारी हा दिवस सीमाभाग आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो.

७/ पुनर्रचना करताना आयोगाने जिल्हा हा घटक मानला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. केवळ चंदगड तालुका इकडे राहिला. महाराष्ट्राची मागणी खेडे हा घटक धरण्याची होती आणि आहे. म्हणजे हुपरी-रेंदाळच्या पुढे लागणारी राज्याची हद्द भाषेने आखलेली नाही. संस्थान आणि इंग्रजी जिल्हा यांच्यातील जुनी रेघच तेथे बव्हंशी पक्की झाली.

८/ १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले आणि फ्लोराशेजारी स्मारक उभे राहिले. १०६ हुतात्म्यांच्या नामावलीत मुंबईच्या गिरणगावाबरोबर कोल्हापूरचे शंकरराव तोरस्कर आहेत, बेळगावचे मारुती बेन्नाळकर आहेत आणि निपाणीच्या कमलाबाई मोहितेही आहेत. ज्या राज्यासाठी कमलाबाईंनी प्राण दिले, त्या राज्यात त्यांचे गाव कधी आलेच नाही.

९/ भाषेची स्मारके जगात इतरत्रही आहेत. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी प्राण दिलेल्यांचा शहीद मिनार ढाक्यात आहे. १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने तो पाडला, स्वतंत्र बांगलादेशाने तो पुन्हा बांधला.

१०/ याउलट दक्षिण आफ्रिकेतील पार्ल येथील आफ्रिकान्स भाषेचे भव्य स्मारक १९७५ मध्ये खुले झाले, ते सत्ताधाऱ्यांच्या भाषेचे गौरवचिन्ह म्हणून. पुढच्याच वर्षी, १६ जून १९७६ रोजी, तीच भाषा शाळांतून लादल्याच्या निषेधार्थ सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. भाषा एकच, कोणाला ती आई, कोणाला सक्ती.

११/ या दोन टोकांच्या मध्ये आपले स्मारक कोठे बसते? त्याच्या शिल्पात माणसे आहेत, आणि तीही कष्टकरी. त्यांच्यावर गोळ्या झाडणारे सरकार परकीय नव्हते. इंग्रज जाऊन ८ वर्षे झाली होती. वसाहतीचा वारसा फ्लोराच्या दगडापेक्षा नकाशावरील रेघांत आणि जमावाकडे पाहण्याच्या नजरेत अधिक उरला होता, हेच यातून दिसते.

१२/ सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काहीही लागो, सीमेच्या दोन्ही अंगांना मराठी आणि कानडी बोलणारी माणसे शेजारीच राहणार आहेत. आपल्या भाषेसाठी जे मागितले, ते शेजाऱ्याच्या भाषेलाही देणे हा त्या १०६ जणांच्या स्मृतीचा खरा मान होय. पुढच्या वेळी चौकातून जाताना क्षणभर थांबून ती नावे वाचावीत, आणि नावापुढचे गाव आज कोणत्या राज्यात आहे तेही पाहावे.

आपल्या गावात या लढ्याचे स्मारक वा चौक असल्यास खाली अवश्य नोंदवावे. धागा समाप्त.